दुसरा ब्रेक

मास्तरांची मोटार शिकवण्याची खोली औषधाचं दुकान आणि चावीवाला यांच्या मधे दाबून बसवल्यासारखी होती. आत एक टेबल, टेबलावर खडूने आखलेला चौक, त्यात चार खेळण्यातल्या गाड्या आणि भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता. बाकी खुर्च्या दोनच, त्यातली एक मोडकी. खरी शाळा बाहेर रस्त्याच्या कडेला उभी असायची. ती म्हणजे दोन्ही बाजूंनी पोचे आलेली एक पांढरी गाडी. शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा एक ब्रेक तिच्यात मास्तरांच्या पायाशीही होता.

आता पायाशी ब्रेक असला की कोणीही दाबेल, त्यात काय मोठंसं? पण मास्तरांचा दाब वेगळा होता. ते इतक्या हलक्या पायाने ब्रेक लावत की शिकणाऱ्याला वाटे, वळण आपणच सांभाळलं. घाबरट माणसाला आधी असं फसवायचं, त्याचा धीर वाढला की मग हळूहळू पाय काढून घ्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. आणि शेवटच्या दिवशी मास्तर दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घालून बसत. ते पाहून शिकणाऱ्याला कळायचं की आता गाडी फक्त आपल्या पायावर चालली आहे. औषधवाला दुकानाच्या दारात येऊन ओरडायचा, "मास्तर, आज कोणाची मांडी?" नुसत्या लायसनपेक्षा त्या मांडीची किंमत लोकांना जास्त वाटायची.

पन्नाशी उलटल्यावर एक दिवस मास्तरांच्या पत्नी, मास्तरीणबाई, म्हणाल्या, "मलाही शिकवा." त्या तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांचे कपडे उसवून मापात बसवून देत. गाडीची त्यांना कधी हौस नव्हती. मास्तर हसले. कशाला म्हणून विचारलं, तर बाई म्हणाल्या, "असंच. उगीच आपलं." त्यापलीकडे मास्तरांनी खोदून विचारलं नाही, आणि ही पहिली चूक म्हणायला हरकत नाही. बाई चटकन शिकल्या. परीक्षेच्या वेळी मास्तरांच्या जागेवर परीक्षा घेणारा सरकारी साहेब बसतो आणि मास्तर बाहेर बाकावर, त्यामुळे लायसन मिळालं ते बाईंचं स्वतःचं होतं. शहरातल्या सपाट रस्त्यावर त्यांचीही मांडी झाली. औषधवाल्याने टाळ्या वाजवल्या.

मग रविवारच्या सहली सुरू झाल्या. रविवारी शिकवणी बंद असे. सकाळी टपावरची पाटी काढायची, थर्मासमध्ये चहा भरायचा, उकडलेली अंडी घ्यायची आणि किनाऱ्याच्या रस्त्याला लागायचं. तो रस्ता बघायला लांबून लोक येत. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, आणि रस्ता असा वळणावळणाचा की सरळ म्हणून पळायला मिळत नाही. बाई चालवणार, मास्तर शेजारी बसणार. जाताना समुद्र मास्तरांच्या खिडकीला. संध्याकाळच्या आत परत.

पहिल्याच रविवारी, पहिल्याच मोठ्या वळणावर बाईंनी गाडी जरा जोरात आणली. तशी फार जोरात नव्हती. एखाद्या मुलाने आणली असती तर मास्तरांनी "सावकाश" म्हणून सोडून दिलं असतं. पण शेजारी बायको होती आणि खाली पाणी होतं. मास्तरांचा पाय आपोआप दाबला गेला, नेहमीच्या हलक्या सवयीने. गाडी मऊपणे वळली. बाईंचा चेहरा असा खुलला की लग्नानंतर इतक्या वर्षांत मास्तरांनी तो तसा पाहिला नव्हता.

"छान वळली ना?" बाई म्हणाल्या.

"फारच छान," मास्तर म्हणाले.

एवढं बोलून गेलं की मागे कसं फिरायचं? दुसऱ्या वळणाला पुन्हा पाय गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. मास्तर स्वतःला सांगत, जरा सवय होऊ दे, मग काढून घेऊ. पण पाय काही निघेना. आणि खोटं कशाला बोला, त्यात त्यांना थोडं बरंही वाटत होतं. घरात, दुकानात, नातेवाइकांत बाईंचं कधी कोणावाचून अडलं नव्हतं. इथे अडत होतं, आणि ते फक्त मास्तरांना ठाऊक होतं. हे सुख चांगल्या माणसाचं नव्हे हे त्यांना कळत होतं, आणि कळत असूनही ते दर रविवारी गाडीत बसत होते.

बाईंचा मात्र या रस्त्याबद्दल एक सिद्धांतच तयार झाला. त्या येईल-जाईल त्याला सांगत, "वळणावर ब्रेक लागतच नाही. पाय नुसता उचलायचा. गाडी माझं ऐकते." हे ऐकलं की मास्तर चष्मा पुसायला घेत. ज्या माणसाने शहराला गाडी शिकवली, त्याने घरच्या माणसाला गाडी चुकीची शिकवून ठेवली होती. परीक्षा पास झाली त्या दिवशी बाई जेवढं चांगलं चालवत होत्या, तेवढंही आता चालवत नव्हत्या, आणि हे पाप सर्वस्वी मास्तरांचं होतं.

हे असंच चाललं असतं, पण बाईंच्या धाकट्या बहिणीने नवी गाडी घेतली. धाकटी शहरात कशीबशी चालवायची, कड्याच्या रस्त्याचं नाव काढलं की तिचे हातपाय गळत. तिने फोन केला, "ताई, रविवारी माझ्या गाडीने जाऊ. चालवायची तू." बाईंनी लगेच हो म्हटलं.

मास्तरांचं जेवणातून लक्षच उडालं. नव्या गाडीत ब्रेक एकच. शनिवारी चहाच्या वेळी त्यांनी विषय काढला.

"अगं, उद्या आपलीच गाडी नेऊ या का? सवयीची आहे."

"दर वेळी तीच असते की. तिनं किती हौसेनं बोलावलंय."

"तसं नव्हे. नवी गाडी, अंदाज यायला वेळ लागतो."

"तुम्हीच म्हणता ना, ज्याला एक चालवता आली त्याला कुठलीही येते?" बाई हसून म्हणाल्या. "आणि तुम्ही आहातच की शेजारी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण समोरचा तो खुशीचा चेहरा मोडायचा धीर मास्तरांना झाला नाही, आणि त्याहून खरं म्हणजे आपलं हसं होईल ही भीती वाटली. बायकोच्या जिवाची काळजी एका पारड्यात आणि स्वतःची लाज दुसऱ्या पारड्यात टाकली, तर लाज जड भरली. आपण शेजारी बसून तोंडाने 'हळू, हळू' म्हणत राहू, असं त्यांनी मनाला समजावलं आणि मूग गिळून चहा संपवला.

रविवारी धाकटी मागे बसली, मास्तर पुढे. "भावोजी, तुमच्या पायाशी जागा रिकामीच आहे," म्हणून धाकटीने खाण्याची वेताची टोपली त्यांच्या पायांमध्ये सारली. गाडीला अजून नवेपणाचा वास होता. शहर सुटेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. कडा सुरू झाला तसे मास्तर बोलू लागले, "हळू. जरा हळू." बाई म्हणाल्या, "अहो, मला काय शिकवताय? तुम्ही आपले बाहेर बघा."

पहिल्या दोन वळणांवर मास्तरांनी मांड्यांवर हात दाबून स्वतःला आवरलं. रस्ता तिथे चढाचा होता म्हणून निभावलं. मग उतार लागला. पुढे मोठं वळण होतं, कडेला वाळूमिश्रित खडी पडलेली. बाईंनी नेहमीसारखा पाय नुसता उचलला आणि गाडी आपलं ऐकेल म्हणून निवांत राहिल्या. गाडीने ऐकलं नाही.

मास्तरांनी सगळ्या ताकदीनिशी पाय दाबला. टोपली कडाडली. अंडी फुटली, थर्मास आडवा झाला, आणि मास्तरांचा बूट पार तळापर्यंत गेला. गाडी तशीच पुढे गेली. मागे धाकटी किंचाळली. शेवटी बाईंनीच भानावर येऊन ब्रेकवर पाय मारला, आणि खडीवर घसरत गाडी कठड्याच्या अलीकडे तिरकी उभी राहिली.

कोणाला खरचटलंही नाही. धाकटी "बाई गं, बाई गं," म्हणत होती. बाईंनी आधी समोर पाहिलं, मग मान वळवून मास्तरांकडे, आणि मग खाली. टोपलीत गुडघ्यापर्यंत ताठ रुतलेला तो पाय अजून दाबलेलाच होता. बूट काढून घ्यायचंही मास्तरांना सुचलं नव्हतं.

बाईंनी त्या पायाकडे बराच वेळ पाहिलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी मान खाली घातली. "पहिल्या रविवारापासून."

"प्रत्येक वळणाला?"

"हो."

"म्हणजे या रस्त्यावर माझी मांडी झालीच नाही म्हणा की. शेंबड्या पोरांची होते, माझी नाही." एवढं बोलून बाई खाली उतरल्या आणि कठड्याशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. वारा होता, त्यांनी पदर घट्ट धरला होता.

मास्तर टोपलीतून पाय सोडवत बसले. चहा मोज्यात झिरपला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या नव्या कोऱ्या गाडीत, अंड्यांच्या टरफलांमध्ये कळलं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती कधीच ओरडणारी नव्हती.

"मी तिच्या काळजीनंच केलं गं," ते धाकटीला म्हणाले. स्वतःच्या कानालाच ते पोकळ वाटलं.

धाकटीला अजून धाप लागलेली होती. ती लहान असली तरी तोंडाने फटकळ. "भावोजी, ताई गाडी कशाला शिकली ठाऊक आहे तुम्हाला?"

"हौस म्हणून."

"हौस! तिला या वयात कसली हौस? तुमच्यासाठी शिकली. म्हणायची, जन्मभर हे दुसऱ्यांच्या रस्त्याकडे डोळे लावून बसले. इतक्या जवळ समुद्र आहे आणि यांनी कधी धड बघितला नाही. मी चालवायला शिकले तर हे निवांत बसून बघतील. दर रविवारी घरी पोचली की मला फोन. आज यांनी होड्या पाहिल्या. आज पाणी हिरवं होतं, हेही हो म्हणाले. आज मोठे मासे उड्या मारत होते, मी रस्त्यावर होते म्हणून मला नाही दिसले, पण यांनी पाहिले. इतकी खूश असायची की मी फोन ठेवू शकायची नाही."

त्या सगळ्या रविवारी बाई विचारायच्या, "दिसल्या का होड्या?" आणि मास्तर खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "हो, हो, सुंदर." डोळे तिरपे करून ते रस्त्याकडेच बघत असायचे. या रस्त्यावर खडी कुठे आहे, कठडा कुठे तुटलाय, डांबर कुठे खचलंय, सगळं त्यांना पाठ होतं. समुद्राचं मात्र एक चित्रही डोळ्यांपुढे येईना. माशांच्या उड्यांचं तर त्यांनी स्वतःच्या मनाने रचून सांगितलं होतं. एकदा बाई फारच आशेने विचारत होत्या, म्हणून.

ब्रेकची लाज होती, पण ती कामातल्या चुकीची लाज होती. ही मात्र आतून पोखरत गेली. बायकोने आपल्या हातांनी काहीतरी दिलं होतं, आणि त्यांनी ते न उघडताच 'छान आहे' म्हणून कौतुक केलं होतं.

बाई परत आल्या तेव्हा डोळे कोरडे होते. "तुम्ही मागे बसा," त्या म्हणाल्या. धाकटी पुढे आली. मास्तर मुकाट्याने मागे गेले, ओल्या मोज्याने, शिक्षा झालेल्या मुलासारखे कोपऱ्यात बसले.

"परत फिरायचं का ताई?" धाकटीने घाबरत विचारलं.

"नाही."

बाईंनी गाडी सुरू केली. आता त्या प्रत्येक वळणाच्या खूप आधी ब्रेक लावत होत्या. कधी जास्त लागे आणि तिघांच्या माना पुढे जात. मागच्या गाड्या भोंगे वाजवत. बाईंनी कोणाचं काही ऐकलं नाही. तीन-चार वळणांनंतर धक्के कमी झाले. मास्तरांचे पाय जमिनीवर निमूट होते, पण डोळे दोन सीटच्या मधून समोरच लागलेले होते.

"भावोजी, मागून नीट दिसतंय ना?" गाडीतली शांतता न सोसून धाकटी म्हणाली.

'हो' हा शब्द तयारच होता. मास्तरांनी तो गिळला.

"नाही," ते म्हणाले. "मी अजून रस्त्याकडेच बघतोय. आणि ते मासे... ते मी पाहिले नव्हते. एकदाही काही पाहिलं नाही."

आरशात बाईंचे डोळे क्षणभर त्यांच्यावर आले आणि पुन्हा रस्त्यावर गेले. पुढच्या वळणापलीकडे रस्ता जरा रुंद होता. बाईंनी आरसा पाहिला, वळायचा दिवा लावला, गाडी हळूहळू कडेला घेतली आणि बंद केली. किल्ली काढून त्यांनी ती मांडीवर ठेवली.

"गाडी उभी आहे," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आता तरी बघा."

मास्तरांनी खिडकीकडे तोंड वळवलं. या वेळी डोळेही वळवले. पाण्याकडे बघताना त्यांचे कान तापले होते आणि समोरचं सगळं सारखं पुसट होत होतं, पण त्यांनी मान फिरवली नाही. पुढे बसलेल्या दोघी बहिणी त्यांचं बघून होईपर्यंत थांबून राहिल्या.