पेनल्टीवर जिंकले तरी बरोबरीच

माझ्या नवऱ्याला युरोपातल्या एका बंद पडलेल्या फुटबॉल स्पर्धेचे सगळे आकडे पाठ आहेत. आपापल्या देशाचा चषक जिंकलेले क्लब तिच्यात खेळायचे. पुढे ती भरवणाऱ्यांनाच तिचं ओझं झालं आणि त्यांनी ती गुंडाळली. नवऱ्याने मात्र सोडली नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते आमच्या घरी रोज काढलं जातं. कुठल्याच क्लबला हा चषक लागोपाठ दोनदा जिंकता आला नाही, हे त्याने इथे अमेरिकेत, आमच्या अल्फारेटा गावातल्या प्रत्येक मराठी घरात, समोरचा माणूस जेवत असताना, सांगून झालंय. त्यातला एकही सामना त्याने पाहिलेला नाही. स्वतः कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ढकलत नेला तरी धापा टाकतो.

मार्चमध्ये त्याची नोकरी गेली. मी आणि मुलगी इथे त्याच्याच व्हिसावर, म्हणजे दोन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर तिघांचंही नागपूर. मुलगी अकरावीत. तिला शाळा इथेच संपवायची होती. नागपूर तिला सुट्टीपुरतं माहीत. रोज संध्याकाळी ती एवढंच विचारायची, "आर वी लीव्हिंग?" आणि हे महाशय अर्ज करायचे सोडून कुठल्या क्लबने किती गोल केले याचे तक्ते नीटनेटके करत बसलेले.

मग अटलांटातल्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. खेळांची आकडेवारी गोळा करून विकायचा त्यांचा धंदा. आंधळा मागतो एक डोळा, असं मला झालं. आदल्या दिवशी मी बजावलं, "विचारतील तेवढंच बोल. त्यांच्या चुका काढू नकोस."

"मी कशाला काढू, यार?"

पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी गाडी आम्ही विकून टाकली होती, म्हणून मीच त्याला सोडायला गेले आणि पार्किंगमध्ये बसून राहिले. तो हसत हसत बाहेर आला. मला वाटलं, झालं काम.

"त्यांचं रेकॉर्डच चुकीचं होतं," तो पट्टा लावत म्हणाला. "तिथल्या तिथे प्रूव्ह करून दिलं."

झालं होतं असं. त्या स्पर्धेचा एक अंतिम सामना गोलाविना संपला आणि निकाल पेनल्टींवर लागला. कंपनीच्या तक्त्यात चषक नेणाऱ्या क्लबच्या खात्यावर विजय मांडला होता. आकडेवारीच्या नियमाने म्हणे ती बरोबरी. एवढ्यासाठी हा माणूस मुलाखत घेणाऱ्या बाईंशी भांडला, आणि त्या ऐकेनात म्हणून त्यांच्या साहेबांना बोलवायला लावलं.

"कप कोण घेऊन गेलं?" मी विचारलं.

"तो प्रश्नच नाहीये. स्टॅटिस्टिकली ड्रॉच."

"आणि नोकरी?"

"कळवतो म्हणाले. पण इम्प्रेस झाले होते गं."

इम्प्रेस! असला मूर्खपणा अडाणी माणसाला परवडत नाही, त्याला दोन डिग्र्या लागतात. राग आला असता तर बरं झालं असतं, राग उतरतो. मला त्याची शिसारी आली होती.

आठवड्याभराने त्यांचा मेल आला. मी फोडणी घालत होते. त्याने मुलीला हाक मारून खाली बोलावलं आणि आम्हा दोघींना तो मेल मोठ्याने वाचून दाखवला. तक्ता दुरुस्त केला आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. त्या जागेवर दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे, हे पुढचं वाक्य त्याने घाईघाईत उरकलं.

"सो, नो जॉब?" मुलीने विचारलं.

"नाही गं. पण दे फिक्स्ड इट! आता कोणीही बघितलं तरी बरोबर दिसणार."

त्याचा चेहरा नुसता फुलला होता. मुलगी झाली तेव्हाही मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता. तोच मेल तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. घरात एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी ती पोर माझ्याकडे वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, आपण दोघीच नागपूरला जाऊ या."

मी गॅस बंद केला.