माणूस नको, धनुष्य हवं

मी तलासरीच्या शाळेत इतिहास शिकवते. धडा संपून वेळ उरला की ग्रीकांच्या गोष्टी सांगते. मुलांना फिलॉक्टेटिस फार आवडतो. अचूक नेमबाज, पण ट्रॉयच्या लढाईला जाताना त्याच्या पायाला साप चावला. जखम चिघळली, वास सुटला आणि बरोबरचे शूरवीर त्याला एका ओसाड बेटावर टाकून चालते झाले. दहा वर्षांनी कळलं, याच्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. मग आले गोडगोड बोलत! त्यांना धनुष्य हवं होतं, माणूस गेला उडत.

एका मुलीने विचारलं, "बाई, परत जाताना लाज नाय वाटली त्यांना?"

"लढाई जिंकायची म्हटल्यावर लाज कसली!" मी म्हणाले. वर्ग हसला, मीही हसले.

घोलवडला आमची चिकूची नर्सरी आहे. तिथे वेवजी गावचे एक कामगार, सगळ्यांचे मामा, रायणीच्या रोपावर चिकूचं कलम बांधायचे. त्यांच्या हातचं कलम मेलेलं मी पाहिलं नाही. मी वर्गात हसले त्याच वर्षी त्यांच्या पायाच्या तळव्यात खिळा घुसला. शुगर होती, जखम भरेना. वास यायला लागला तशा पॅकिंगच्या बायका नाकाला पदर लावू लागल्या. आमचे हे म्हणाले, "गिऱ्हाइकं येतात, बरं दिसत नाही." मामांना घरी पाठवून दिलं. बायको कधीच गेलेली, घरात एकटेच. शाळेपासून वेवजी काही लांब नाही, पण महिनाभर मी तिकडे फिरकले नाही. खोटं कशाला बोलू, आठवणही झाली नाही.

मग गुजरातहून कलमांची मोठी ऑर्डर आली आणि नव्या माणसांनी बांधलेली कलमं सुकू लागली. ह्यांनी मलाच पिटाळलं. "तू बोलण्यात पटाईत आहेस."

मामा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. पायावर माशा घोंगावत होत्या. "बाई, दवाखान्यात न्या," एवढंच म्हणाले.

"नेते ना! डहाणूला चांगल्या डॉक्टरकडे नेते. आधी चार दिवस कलमं तेवढी बांधून द्या."

जळली मेली माझी जीभ! पायाची बोटं काळी पडलेली मला दिसत होती. चाराचे आठ दिवस झाले. मामा नर्सरीत खाटेवर पाय टाकून बांधत राहिले. ह्यांनी त्यांच्या हातांचा मोबाइलवर अगदी जवळून व्हिडिओ काढला: चाकू कसा धरतात, साल किती सोलतात, पट्टी कशी आवळतात. दोन बायकांना समोर बसवलं, त्यांना मामांनी सगळं दाखवलं. मामा खूश होते. इतक्या कौतुकाने त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

नवव्या दिवशी डहाणूला नेलं. डॉक्टर माझ्यावर कडाडले, "आठवडाभर आधी आणलं असतं तर पाय वाचला असता! होतात कुठे?"

मामाच म्हणाले, "कामावर होतो, साहेब. बाईंनी आणलं म्हणून आलो तरी."

गुडघ्याखाली पाय कापला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "बाई, कलम बसून बांधता येतं. माझी जागा ठेवा."

"आता नको, मामा. बायका शिकल्यात."

"कोणी शिकवलं?"

"तुम्हीच की."

त्यांचा चेहरा उजळला. "मग एकबी कलम मरायचं नाय," ते म्हणाले.