खळ निघाल्यावर

सत्तावन साली फ्लूची साथ आली तेव्हा माझी थोरली बहीण कल्याणला साथीच्या वॉर्डात नर्स होती आणि मी ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत कापड तपासण्याचं काम करत होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. मुरबाडकडच्या खेड्यातून मला ताईने आणलं, कॉलेजात घातलं, आणि माझं शिक्षण संपेपर्यंत स्वतःचं लग्न ‘बघू पुढे’ म्हणत टाळलं. पुढे कुणी विचारलंच नाही. डोंबिवलीला एका खोलीत आई, ताई आणि मी असे राहत होतो. नोकरी कचेरीतल्या साहेबांनी दिली. ना ओळख, ना शिफारस. नुसता रसायनशास्त्रातला माझा वर्ग पाहून त्यांनी मला घेतलं. या दोघांचे उपकार मी आजही मानतो.

साथ वाढली तशी परदेशातून बोटीने मास्कची खोकी आली. दवाखान्यांतल्या नर्सा, वॉर्डातल्या आया, विठ्ठलवाडीजवळच्या निर्वासितांच्या छावणीत घरोघर फिरणारे आरोग्यसेवक, सगळ्यांना त्यांतूनच मास्क मिळायचे होते. आमच्या कचेरीने नमुने तपासून शिक्का मारायचा, मगच वाटप. नियम ठरलेले होते. पदर किती, वजन किती, नाड्या पक्क्या आहेत का, उजेडापुढे धरला तर आरपार दिसत नाही ना.

सगळं नियमात बसत होतं. पण कापड हाताला फार कडक लागत होतं. आमच्याकडे कोरं कापड भिजवून वाळवल्याशिवाय आई त्याला कात्री लावत नसे. मी नमुन्यावर आयोडीनचा थेंब टाकला. डाग काळानिळा पडला, म्हणजे खळ भरपूर होती. मग वॉर्डात उकळतात तसा एक मास्क उकळला. पाणी पेजेसारखं झालं आणि हातात जे उरलं त्यातून मला खिडकीचे गज दिसत होते.

तो ओला मास्क घेऊन मी साहेबांकडे गेलो.

“हे काय, मच्छरदाणी आणलीत की काय?”

“आपला नमुना आहे साहेब. एकदा उकळलेला.”

त्यांचं हसू गेलं. त्यांनी तो बोटांवर ताणून पाहिला. “उकळून बघा, असं नियमात आहे?”

“नाही साहेब. पण वॉर्डात रोज उकळतात.”

“अहो, ते मला कळत नाही का? नापास करायचे तर कोणत्या नियमाने करू? पुरवठादार उद्या दारात उभा राहील. आणि खोकी गोदीत अडकली तर तोवर माणसांनी तोंडाला काय बांधायचं? दुसरे मास्क आहेत कुठे?”

उकळण्याची अट नियमात घालावी, असं साहेबांनी त्याच दिवशी वर कळवलं. मास्क पास झाले. शिक्के मी मारले.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. ताई हसली. “म्हणजे आता नाकाला गाळणी बांधायची! चहा तरी गाळून द्या म्हणावं.”

आई हसली नाही. तिने मला मांजरपाट आणायला लावला, दोनदा धुतला आणि चार पदरांचे मास्क हाताने शिवले. ताई ते घेऊन वॉर्डात गेली आणि तसेच परत घेऊन आली.

“मेट्रनबाई नको म्हणाल्या. शिक्क्याचेच चालतील.”

“अगं ताई, पण तू सांगितलं नाहीस त्यांना?”

“सांगितलं ना! तर म्हणतात, तुझा भाऊच तपासतो ना, मग झालं तर.”

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मेट्रनबाईंना भेटलो. बाई वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. म्हणाल्या, “एकीला घरचा चालवला तर उद्या कुणी धोतराचा तुकडा बांधून येईल. चांगला कोणता, वाईट कोणता, मी कशावरून ओळखू? तुमच्या शिक्क्यावरूनच ना?”

कुणालाही डोळे झाकून भरवसा ठेवता यावा, म्हणून तर आमची कचेरी होती.

मिळाले तोवर ताई एकावर एक असे दोन मास्क बांधत होती. साठा कमी झाला तसा एकावर भागवू लागली. मग तिला ताप आला, तो छातीत उतरला, आणि तिच्याच वॉर्डात तिला खाट मिळाली. दारात मला एका आयाने मास्क दिला. तो बांधून मी खाटेशी गेलो. ताईला धाप लागत होती.

“नाक उघडं राहिलंय,” ती म्हणाली. “नाडी वर घे.”

मी वर घेतली.

“आईला आणू नकोस हं इथे.”

मी आईला नेलं नाही. दोघींची भेट झाली ती ताईला घरी आणल्यावर, आणि तेव्हा ताई बोलणार नव्हती.

साहेब डोंबिवलीला आमच्या खोलीवर आले. आईसमोर जमिनीवर बसले. काही महिन्यांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“वरून उत्तर आलंय. साथ ओसरली आहे, तेव्हा नियमात बदल करण्याचं कारण दिसत नाही.”

“पुन्हा लिहू का साहेब?”

“लिहा. मी सही करतो.”

मी लिहिलं, त्यांनी सही केली. पुढे साहेब निवृत्त झाले, बऱ्याच वर्षांनी मीही झालो. त्या पत्राचं उत्तर आलं नाही.

आईने या गोष्टीचा विषय एकदाच काढला. ताईचं वर्षश्राद्ध झालं होतं, पाहुणे गेले होते, ती भांडी पुसत होती.

“ते कापड चांगलं नाही हे तुला कळलं होतं ना रे?”

“हो.”

“तुझ्या साहेबांनाही?”

“हो.”

“मग?”

मी तिला नियम सांगायला लागलो. पदर, वजन, नाड्या. तिने थोडा वेळ ऐकलं, मग पुसलेली भांडी उचलून फळीवर लावायला उठली.