सतरंजीवरची मोकळी जागा

आमची ख्रिस्ती मंडळी तालुक्याच्या गावी, मालेगावात, एका कृषी केंद्राच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत भरते. मी अमरावतीची. माहेरचं चर्च दगडी, वर घंटा, आत पॉलिश केलेले बाक. लग्न होऊन जवळच्याच किन्हीराजा गावी आले आणि पहिल्या रविवारी उपासनेला गेले, तर अख्खं वचन खताच्या वासात ऐकलं. खाली सतरंजी, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधे ढोलकी आणि मनात येईल तेव्हा शिट्टी मारणारा माइक. ख्रिस्ती घरं इथे मोजकीच. एका घरी पाहुणे आले की निम्मी खोली रिकामी. मी मनात म्हटलं, कठीण आहे.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. त्यांचा भाजीचा मळा आहे, वांगी, मेथी, सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. रविवारी मात्र ते मळ्याकडे फिरकत नसत. सकाळीच पांढरा सदरा घालून अंगणात उभे राहायचे आणि उशीर होतोय म्हणून सासूबाईंच्या नावानं ओरडायचे. त्या आपल्या आत निवांत साडीची पिन शोधत असायच्या. गाण्यातही बाबांची तीच घाई; ओळ सगळ्यांच्या आधी उचलायची आणि चुकलं की सासूबाईंकडे बघायचं.

मागल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यानंतर काही रविवार बाबा आले, मान खाली घालून बसले, आणि मग त्यांनी येणं बंदच केलं.

"देव का मालेगावातच राह्यते? मोबाईलवर एकाहून एक पास्टर हायेत," असं त्यांचं म्हणणं. खाटेवर मांडी घालून, मोबाईल तांब्याला टेकवून त्यांची उपासना चालायची. समोर पोह्यांची ताटली. प्रार्थना लांबली की बोटानं पुढे सरकवायची. दानाची वेळ आली की आणखी पुढे.

माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही. मी विचारलं, "बाबा, त्या मोबाईलमधल्या पास्टरले समजते का, तुमी आले का नाही आले?"

"नाई समजत. थेच बरं हाय."

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही समजवा. तो म्हणाला, जाऊ दे. ह्या घरातल्या पुरुषांना जाऊ देणं फार छान जमतं.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगते. शेवटच्या प्रार्थनेआधी पास्टर विचारतात, आज कोण नाही आलं? जो आला नाही तो आजारीच असणार, असं सगळे धरून चालतात. दुसरं कारण कोणाच्या डोक्यातच येत नाही. बाबांचं नाव निघालं की माझा नवरा पुटपुटायचा, "त्यांले जरा बरं नाही." खोटंही नव्हतं ते. मग सगळी खोली एकदम मोठमोठ्यानं बाबांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करायची. असे बरेच रविवार झाले. इतक्या प्रार्थनेनंही माणूस बरा होत नाही म्हटल्यावर मंडळी घाबरली, आणि एका रविवारी उपासना संपल्या संपल्या सगळे आमच्याबरोबर निघालेच. ऑटोत बायका, मोटारसायकलींवर माणसं, ढोलकी, शहाळी, ग्लुकोजचा डबा.

आम्ही अंगणात शिरलो तेव्हा बाबा खाटेवर बसून पोहे खात होते. एवढी वरात बघून ते इतके गडबडले, की ताटली खाटेखाली सरकवून आडवे झाले आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. भर दुपारी. मला हसू आवरेना. पास्टरांनी त्यांच्या कपाळावर तेल लावलं, सगळ्यांनी हात ठेवले आणि प्रार्थना सुरू झाली. चांगली रंगात आली होती, तेवढ्यात बाबा गोधडी फेकून उठून बसले.

"अरे, मले काई झालं नाई!"

"हालेलुया!" बायका ओरडल्या. ढोलकीवाल्यानं थाप मारली. एकीनं तर डोळ्यांना पदर लावला. बाबा सांगतायत की मी आजारी नव्हतोच, आणि जो तो हात वर करून देवाचे आभार मानतोय. त्या गलक्यात खरं बोलून सुटणं कोणालाही शक्य नव्हतं.

उपासनेत सासूबाईंच्या शेजारी बसायची, अशी एक म्हातारी आहे. गलका ओसरल्यावर ती खाटेपाशी येऊन बसली. "बरे हा न तुमी? मंग काहून येऊन नाही राह्यले?"

बाबांनी गोधडीची घडी केली. मग म्हणाले, "तुमी तिची जागा मोकळी ठेवता. प्रार्थना झाली, डोये उघडले, का मले थेच दिसते."

भिंतीजवळची सासूबाईंची ती जागा सगळ्यांनी मान म्हणून सोडली होती. बाया दाटीवाटीनं बसायच्या, पण तिथे कोणी बसायचं नाही. मला ते किती चांगलं वाटायचं.

"आमी तं तुमच्यासाठीच ठेवली होती," म्हातारी म्हणाली.

पुढच्या रविवारी पांढरा सदरा बाहेर निघाला. खोलीच्या दारापर्यंत बाबा आले, चपला काढल्या आणि उंबऱ्याशीच थांबले. आत बायका एकमेकींकडे बघत होत्या. तू बस, नाही तूच बस. इतके दिवस मानानं ठेवलेल्या जागेवर बसायची हिंमत कोणाची? म्हातारी सरकायला लागली, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. बाबांनी पुन्हा चपलांकडे पाहिलं. ते परत फिरणार हे मला दिसलं, आणि मला त्या सगळ्यांचा असा राग आला, की मी पर्स आदळून त्या जागेवर जाऊन बसले.

बसल्यावर मात्र रडूच आलं. सासूबाईंची मला इतकी आठवण येत होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाबा आत आले आणि आपल्या जागी बसले. पहिलं गीत सुरू झालं. बाबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधीच ओळ उचलली, चुकले, आणि सवयीनं त्यांची नजर भिंतीजवळ आली. सासूबाई अशा वेळी काय करायच्या, मला ठाऊक नव्हतं. मी नुसती मान हलवली. बाबा थांबले, आणि सगळे त्यांच्यापर्यंत पोचल्यावर सगळ्यांबरोबर गायला लागले.