मी स्वतः चव घेतली, उत्तम

‘‘घे, तू आधी खा. कशी झाली सांग.’’

गुरुजी खिचडीच्या खोलीबाहेर उभे. उंबऱ्याच्या अलीकडे. काखेत लांबोडकी वही, खिशाला पेन. आत माझी माय पातेलं हलवत होती, धुरानं डोळे लाल. तिनं घासभर खिचडी ताटलीत काढली, फुंकली, माझ्यापुढं केली. मी खाल्ली. जीभ पोळली.

‘‘चांगली हाय, गुरुजी.’’

‘‘मीठ?’’

‘‘बराबर हाय.’’

गुरुजींनी वहीत लिहिलं, सही केली. ‘‘शाब्बास. जा, पाढे म्हण.’’

मी तिसरीत होते. चाकूर तालुक्यातलं आमचं गाव. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. अख्ख्या शाळेच्या आधी रोज मला घास. मला वाटायचं, माझे लाड चाललेत. वर्गात मी ताठ बसायचे.

तो लाड नव्हता हे कळायला मला वर्ष लागलं. त्या वर्षाइतकी आनंदी मी पुन्हा कधी झाले नाही. हे आधीच सांगून टाकते. राग आहे म्हणून लिहिते, असं कुणी म्हणेल. राग आहेच. पण आधी जीव लावला होता. तोच जास्त नासला.

गुरुजींनी कधी कुणावर हात उगारला नाही. एसटीची पाटी, खताचं पोतं, भिंतीवरची निवडणुकीची घोषणा, सगळं वाचायला लावायचे. ‘‘दिसंल ते वाचायचं,’’ म्हणायचे. मला वाचायला त्यांनीच शिकवलं. चौदा एप्रिलला आमच्या बौद्धवाड्यात येऊन भाषण करायचे. असं बोलायचे की म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसायच्या. भाषण संपलं की लगबगीनं निघायचे. चहा पुढं केला की छातीवर हात ठेवायचे. ‘‘ॲसिडिटी हाय हो मला.’’

आम्ही म्हणायचो, बिचारे गुरुजी.

मायला शाळेतलं काम बचत गटातून मिळालं होतं. मिळालं तसा गावात कालवा सुरू झाला. वरच्या गल्लीतली पोरं घरून डबे आणू लागली. लिंबाखाली बसून खायची. आम्ही वाड्यातली अकरा लेकरं पत्र्याच्या सावलीत, खिचडी घेऊन. गुरुजींनी कुणालाच दुखावलं नाही. मायला काढलं नाही, गावाला बोलले नाहीत. दोन्हीकडून भला माणूस.

चौथीत होते. एकदा गुरुजी फोनवर बोलत बोलत बाहेर गेले. वही टेबलावर उघडी. दिसेल ते वाचायचं. वाचलं.

तारीख. मसालेभात. ‘मी स्वतः चव घेतली. उत्तम.’ खाली सही.

पान उलटलं. मुगाची खिचडी. मी स्वतः चव घेतली. उत्तम. आणखी मागं गेले. तिसरीतली पानं. माझी जीभ पोळली होती ते सगळे दिवस तिथं होते. सगळ्या दिवसांखाली त्यांची सही.

घरी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

‘‘मला ठावं हाय. तू कुटं बोलू नको.’’

पुढचे पंधरा-वीस दिवस मी मायचं ऐकलं. रोज घास खाल्ला, रोज चांगली हाय म्हणाले.

मग तालुक्याचे साहेब तपासणीला आले. खिचडीच्या खोलीपुढं खुर्ची टाकली. वही चाळली. ‘‘चव कोण घेतं?’’

‘‘मीच की साहेब. रोज.’’

मी ताटली घेऊन तिथंच उभी होते. बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

‘‘कवा खाल्ली, गुरुजी? मीच तर खाते. तुमी आज खाऊन बघा की.’’

ताटली पुढं धरली. मायच्या हातातला डाव पातेल्यावर आपटला. साहेब हसले. ‘‘पोरगी धीट हाय तुमची.’’ गुरुजीपण हसले. ‘‘व्हय, लई हुशार हाय.’’ मी ताटली तशीच धरून. मग ती साहेबांकडं वळवली. त्यांनी हात जोडले.

‘‘आज माझा उपास असतो, बाळ.’’

साहेबांनी शेरा लिहिला. आहार समाधानकारक. सही ठोकली. जीप गेली. वही घेऊन गुरुजी माझ्याजवळ आले. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

‘‘तुझ्या मायसाठी मी सगळं सांभाळून घेतलं होतं. तू मोडलंस.’’

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा चुलीपुढं वरच्या गल्लीतली बाई होती. गावाची मागणी, असं कारण मायला कुणीतरी वाटेत सांगितलं. त्या दिवशी लिंबाखाली कुणी बसलं नाही. सगळी शाळा एका पंगतीत. गुरुजी मधोमध मांडी घालून बसले, दोनदा वाढून घेतलं. ॲसिडिटी कुठं गेली कुणास ठाऊक. कुणीतरी फोटो काढला. पंगतीच्या शेवटी मी आहे. मी पण खाल्ली. भूक होती. खिचडी चांगली झाली होती. याची मला अजून लाज वाटते.

माय तेव्हापासून दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाते. मला एकदाच विचारलं, रागावून नाही, सहज. ‘‘तवा गप बसली असतीस तर?’’

आता गुरुजी निवृत्त होतायत. येत्या रविवारी गावात सेवापूर्ती सोहळा. मंडप, शाल, नारळ, गौरव अंक. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप आला: प्रत्येकानं शाळेची एक गोड आठवण लिहावी. अंकाच्या मुखपृष्ठावर तोच पंगतीचा फोटो. खाली ओळ: ज्यांनी कधी भेदभाव केला नाही.

अंक काढणारा माझ्याच वर्गातला. लातूरला त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याचा फोन आला.

‘‘अगं, गोड लिही म्हणलो होतो की! तेवढं खिचडीचं काढ. वाचायला शिकवलं ते ऱ्हाऊ दे, ते झकास हाय.’’

‘‘तू लिंबाखाली डबा खायचास. आठवतं?’’

‘‘आठवतं की! काय मजा यायची. लहान होतो गं आपण. त्यात काय एवढं?’’

तो खोटं बोलत नव्हता. त्याला लिंबाची सावली आठवते.

मी नांदेडला राहते. एका संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते, वाटते. चव घेण्याचा नियम मी पहिल्यांदा कागदावर वाचला तो या कामात. लेकरांच्या आधी मोठ्या माणसानं खायचं. का? अन्नात काही बिघाड असला तर आधी मोठ्याला कळावा, लेकरांना बाधू नये म्हणून. मी आठ वर्षांची होते.

यंदा कंधारकडच्या एका शाळेत गेले. स्वयंपाकवाली आमच्यातली. चुलीपाशी तिची पोरगी, तोंडात घास, बाहेर सर वही घेऊन. बाईनं माझं मनगट धरलं. ‘‘ताई, लिवू-बिवू नका. माजं काम जाईल.’’ मी लिहिलं नाही. माझ्या वहीत त्या गावाचं नाव आहे, पुढं कोरं पान. पत्रकात मी मोठमोठ्यानं ओरडते. तिथं मान हलवून परत आले. मायच्या ‘गप बसली असतीस तर?’ या प्रश्नाला माझ्याकडं अजून उत्तर नव्हतं, म्हणून.

हे लिहून काही बदलेल असं मला वाटत नाही. मायचं काम परत येणार नाही. कंधारची बाई उद्याही पोरीलाच घास देईल. गुरुजींना शाल मिळेल, टाळ्या मिळतील, ते भाषणात रडतील आणि खरंच रडतील. मला लोक कृतघ्न म्हणतील. गावातले म्हणतील, आमच्या वाड्यातलेही म्हणतील.

तरी अंकात अर्धं छापायला मी दिलेलं नाही. सगळं, नाहीतर काहीच नाही. तो म्हणाला, मग काहीच नको. म्हणून हा कागद मी झेरॉक्स करून आणला आहे. माय नको म्हणाली. तिचं नाव घालू नको म्हणाली, ते घातलेलं नाही. ती येणार नाही.

मी येणार आहे. रविवारी मंडपाच्या दारात उभी राहीन, येईल त्याच्या हातात एक प्रत देईन. संपल्या की आत जाईन. शेवटची प्रत गुरुजींची. स्टेजवर रांग लागलेली असेल, एकेक जण वाकत असेल. माझी पाळी आली की कागद त्यांच्या हातात देईन आणि त्यांच्या डोळ्यांकडं बघत उभी राहीन.

पाया पडणार नाही.