चिनी जाहिरातवाल्याच्या शोधात: मुसफ्फा ते फुजैरा

फुजैराला लोक समुद्र बघायला जातात. आम्ही गेलो चिनी भाषेत, इंटरनेटवर जाहिरात करून देणारा माणूस शोधायला. हसू नका. नवं शतक नुकतंच लागलं होतं, आणि तेव्हा कुणालाही काहीही सुचायचं.

अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वसाहतीतली आमची कंपनी जहाजांवरची विंच बनवायची, म्हणजे दोरखंड ओढायची अवजड यंत्रं. आमचे मॅनेजर सामंत साहेब कुठल्याशा प्रदर्शनातून आले ते चीनने भारावूनच. "गद्रे, अख्खा चीन कॉम्प्युटरवर बसलाय. तिथे आपली जाहिरात पाहिजे. शनिवारी मला पार्टनरचं नाव द्या!"

मी परचेसचा माणूस. नटबोल्ट घेतो. चीनशी माझी ओळख मंचुरियनपुरती. पण पुढच्या महिन्यात माझा व्हिसा संपत होता, मुलगी सई दहावीला होती, आणि ऑफिसात दोघांना नुकताच नारळ मिळाला होता. "हो साहेब," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

गुरुवारी सकाळी बायको माधवी, सई आणि डबाभर मेथीचे ठेपले घेऊन अबुधाबीहून निघालो. तेव्हा आमची गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, म्हटलं कामाबरोबर फिरणंही होईल. दुबईपर्यंत दीड तास, रस्ता इतका सरळ की डोळा लागावा. टाकी पन्नास दिरहममध्ये फुल झाली, म्हणजे सव्वासहाशे रुपये, असं मी मोठ्याने म्हणालो. मागून आवाज आला, "बाबा, स्टॉप कन्व्हर्टिंग!"

दुबईची एजन्सी काचेच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर. टाय घातलेल्या एका पोराने पाऊण तास ड्रॅगन, लाल रंग आणि शुभ आकडे यांवर भाषण ठोकलं. मग विचारलं, "सर, तुमचा लोगो थोडा रेड करता येईल का?" मी म्हटलं, तुमच्याकडे चिनी येणारं कोण आहे? "वी हॅव अ चायना डेस्क." टेबल होतं खरं. त्यावर कुंडीत बांबू होता. बाकी कुणी नव्हतं. खर्च साठ हजार दिरहम, म्हणजे साडेसात लाख रुपये! चकचकीत फोल्डर मात्र फुकट दिला. त्यात शेवटी चिनी मजकुराचं एक फिकट पान होतं, नमुना म्हणून.

दुपारी शारजा. दुबई-शारजा ट्रॅफिकबद्दल मी काही लिहीत नाही, ब्लॉग घरातली मुलंही वाचतात. इथे जाहिरात एजन्सी चालवणारे प्रधान, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात दरवर्षी राजा होणारे. आपला माणूस! गेल्या गेल्या कांदेपोहे आले, वर ओलं खोबरं. आता खरं सांगतो, परदेशात आपल्या माणसाने पोहे पुढे केले की मराठी माणसाची अर्धी चौकशी तिथेच संपते. "गद्रे, चीन माझ्यावर सोडा," प्रधान छातीवर हात ठेवून म्हणाले. खर्च पंचवीस हजार. मी दुसरी बशी घेतली आणि मनात नावही पक्कं करून टाकलं. चिनी येतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. त्यांनीही एक फोल्डर दिला, त्यातही चिनी पान होतं.

शारजाहून धैदमार्गे मसाफी. इथून डोंगर सुरू होतात, आणि वाळूला कंटाळलेला जीव जरा थाऱ्यावर येतो. रस्त्यालगतच्या बाजारात गालिचे, मातीची भांडी, फळं. घासाघीस जरूर करा, निम्म्यावर येतात. माधवीने एका गालिच्यासाठी "खलास, खलास" म्हणत दोनदा गाडीत बसायचं नाटक केलं आणि घेतलाच नाही. भाजलेलं कणीस खाता खाता सई दोन्ही फोल्डर चाळत होती.

"बाबा, सेम फॅक्स नंबर."

"कुठे?"

"ऑन टॉप. बोथ पेजेस. झिरो नाईन."

चिनी पानांच्या डोक्यावर फॅक्सची बारीक ओळ होती. दोन्हीकडे एकच नंबर, आणि कोड फुजैराचा. म्हणजे दुबईचा टाय आणि शारजाचे पोहे, दोघांचाही चीन फुजैरात होता.

माधवी म्हणाली, "अहो, नाहीतरी तिथेच चाललोय. विचारून तर या."

शुक्रवारी सकाळी हॉटेलमधून त्या नंबरवर फोन केला. एका बाईने दुकानाचा पत्ता सांगितला. नमाजानंतर, दुकानं उघडल्यावर गेलो. बंदराच्या रस्त्यावरचं छोटं दुकान, नूडल्सची पाकिटं, फोनकार्डं, खलाशांसाठी चपला. मागे एक कॉम्प्युटर. मालकीण लिनबाई, चाळिशीच्या, हिंदी गल्फची. मी फोल्डर दाखवल्याबरोबर म्हणाल्या, "तुम किसका आदमी? दुबई का, शारजा का?"

त्यांनी काळा चहा दिला आणि सगळं उलगडून सांगितलं. मजकूर त्या लिहितात, जाहिरात कुठल्या साइटवर लावायची ते त्यांचा चीनमधला भाऊ बघतो. "विंच वाला आदमी चमकता फोटो नहीं देखता. वो ढूंढता है. जिधर ढूंढता है, उधर लगाओ. एक महिना देखो, फिर आगे." चार हजार दिरहम. पन्नास हजार रुपये!

मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला, जो दोन दिवसांत मला कुणीच विचारला नव्हता. "चीनी लोग फोन करेगा. तुम्हारे ऑफिस में उठाएगा कौन?"

मला आमचा ऑपरेटर आठवला.

"मैं उठाएगी. बस, लोगों को दिखाने को एक कंपनी का नाम चाहिए. फिर बाकी लोग भी सीधा आएगा मेरे पास."

मला तर नाचावंसं वाटलं. बाहेर येऊन लगेच साहेबांना मोबाइल लावला.

"साहेब, माणूस सापडला! खरं काम करणारी बाई आहे. फुजैरात दुकान आहे तिचं."

"दुकान?"

"हो, म्हणजे नूडल्स वगैरे, पण..."

"गद्रे, मालकांना, शेखसाहेबांना मी काय सांगू? नूडल्सवाली नेमली?" जरा थांबून ते मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा व्हिसा कधी संपतोय हो?"

"पुढच्या महिन्यात."

"मग दुकानं कसली बघत फिरताय?"

परत आत गेलो तर लिनबाईंनी कागदावर आमच्या कंपनीचं नाव चिनीत लिहून ठेवलं होतं. मी म्हणालो, "बात करता हूं, इन्शाल्ला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी करून खिशात टाकली. इथे इन्शाल्ला म्हणजे गोड शब्दांत 'नाही', हे इतकी वर्षं इथे काढलेल्या बाईला मी काय सांगणार?

शनिवारी मी रिपोर्टमध्ये दुबईची शिफारस केली. सही माझीच. साहेबांनी फोल्डरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे कसं, कंपनीसारखं वाटतं!"

जाहिरात लागली. लिहिली अर्थात लिनबाईंनीच. पहिल्याच आठवड्यात चीनमधून फोन आले. आमचा ऑपरेटर "हॅलो, हॅलो, इंग्लिश?" म्हणायचा आणि फोन कट व्हायचे. अकरा आले, अकराही गेले. साहेबांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या. "अकरा फोन! याला म्हणतात रिस्पॉन्स!" माझ्या पासपोर्टवर तीन वर्षांचा शिक्का बसला.

त्या संध्याकाळी घरी माधवीने शिरा केला. सई अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "बाबा, डिड यू टेल देम अबाउट द आंटी?"

"नाही."

"ओके," म्हणाली आणि पुन्हा गणितात डोकं घातलं. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

तुम्ही फुजैराला जरूर जा. मसाफीचं कणीस खा, डोंगर बघा, पाण्यात डुंबा. आम्हीही त्यानंतर चार वेळा गेलो. मला लाज वाटते हो, म्हणून बंदराच्या रस्त्यावरून एकदाही नाही.