सकाळी काय खाल्लं?

गायके बाई मैदानावर कुणालाही 'लागलं का' असं विचारत नसत. मुलगी आपटली, की खांद्यावरची मळकी बॅग सावरत त्या धावत यायच्या, तिच्यासमोर गुडघे टेकायच्या, हनुवटी धरायच्या आणि विचारायच्या, "सकाळी काय खाल्लं?"

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा वाटलं, बाई चेष्टा करताहेत. माझा ओठ फुटलेला, तोंडात माती, आणि ह्या नाश्त्याची चौकशी करतात. मी म्हणाले, "बाई, रक्त येतंय."

"ते दिसतंय मला. काय खाल्लं ते सांग."

"मटकी."

"अन्?"

"गूळ."

"ऊठ मग. डोकं जाग्यावर हाय."

त्यांचं म्हणणं असं, की डोक्याला मार बसला तरी माणूस स्वतःचं नाव विसरत नाही, बापाचं नाव विसरत नाही. "इसरतो ते सकाळचं," बाई म्हणायच्या. त्या कबड्डी खेळायच्या तेव्हा त्यांची एक मैत्रीण पडली, उठली, हसली, पुन्हा खेळली आणि संध्याकाळी सख्ख्या आईला ओळखेना. तेव्हापासूनचा हा प्रश्न. उत्तर तपासता यावं म्हणून नाश्ताही त्या स्वतःच आणायच्या. पहाटे उठून केलेला, स्कूटीवर पुढे पायापाशी ठेवलेले दोन मोठे डबे. कधी उकडलेले हरभरे, कधी मटकी, कधी ज्वारीच्या घुगऱ्या. डबा उघडेपर्यंत काय आणलंय ते कुणाला सांगायच्या नाहीत. प्रश्नपत्रिका फोडायची नाही, असं त्यांचं चालायचं.

आमचा क्लब आज मुलींना मानधन देतो. शहरात फलक लागतात, मुलींचे फोटो पेपरात येतात. पण हा क्लब सुरू झाला तो क्रांती चौकापासून दहा मिनिटांवरच्या एका शाळेतल्या कपाटामागे. गायके बाई तिथं खेळाच्या शिक्षिका होत्या. कधीतरी सरकारी साहित्यातून आलेला रग्बीचा चेंडू तिथं पडून होता. आकार अंड्यासारखा, त्यामुळं कुणाला त्याचं काय करायचं कळेना. शिपाई तो कधीमधी दाराला अटकण म्हणून लावायचा. बाईंनी तो काढला, मोबाईलवर खेळ बघितला आणि आम्हा कबड्डीच्या पोरींना बोलावून सांगितलं, "कबड्डीतलं धरणं घ्या, खो-खोतलं पळणं घ्या, एका भांड्यात घाला. झाली रग्बी. इंग्रजांनी निस्तं नाव दिलं."

मैदान म्हणजे मुरूम आणि खडे. सरावाआधी प्रत्येकीनं ओढणीत पन्नास खडे वेचायचे आणि कुंपणाबाहेर टाकायचे, हा नियम. पोरी कुरकुरायच्या. बाई म्हणायच्या, "तुला टोचला नाय तर तिला टोचंल. येच मुकाट्यानं." त्या स्वतःही वेचायच्या, पदर खोचून. तीन वर्षांत ते मैदान पडण्यालायक झालं.

पोरी गोळा करायलाही त्याच फिरल्या. रुख्साना त्यांना सिल्लोडला सापडली, शाळांच्या धावण्याच्या शर्यतीत. मी बरोबर होते. तिच्या अब्बांचं मक्याचं दुकान होतं, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. चहा झाल्यावर ते म्हणाले, "बाई, जैसी ले जा रहे, वैसी लाके छोड़ना."

"माझी पोर समजून नेते, भाईजान," बाई म्हणाल्या. "जशी नेली तशी आणून सोडते."

रुख्साना आमच्यात सगळ्यात वेगवान. कडेनं पळायला लागली की समोरच्या पोरी तिच्याकडे बघतच राहायच्या. मी कॅप्टन होते, ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सरावाला माझ्या मागून यायची आणि मला दमवून पुढं जायची, वर म्हणायची, "चल ना संगी, म्हातारी झाली का?"

आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले आहे. एवढा वेळ मैदानाचं आणि खड्यांचं सांगत बसले ते टाळाटाळ म्हणूनच.

मानधन देणारी लीग सुरू होणार होती आणि आमच्या भागातून एकच क्लब घेणार होते. त्यासाठी अंतिम सामना आमच्याच शहरात होता. जिंकलो तर क्लब आत, हरलो तर घरी. माझ्या घरी स्थळं बघणं चालू होतं. वडील म्हणाले होते, "खेळून चार पैसे मिळणार असतील तर थांबतो, नाहीतर दिवाळीनंतर बार उडवून देऊ." गंगापूरकडचा एक मुलगा जवळजवळ ठरलाच होता. म्हणजे मला तो सामना कसा जिंकायचा होता, हे वेगळं सांगायला नको.

त्या सकाळी डब्यात घुगऱ्या होत्या आणि वर एकेक केळं. रुख्साना घरच्या कार्यासाठी सिल्लोडला गेलेली, ती सकाळच्या एसटीनं थेट मैदानावर आली. आम्ही तेव्हा अंग मोकळं करत होतो.

सातजणींची रग्बी सात-सात मिनिटांच्या दोन डावांत संपते. शेवटची तीन मिनिटं उरली होती आणि आम्ही चार गुणांनी मागं होतो. रुख्सानानं एकीला धरायला झेप घेतली आणि तिचं डोकं त्या मुलीच्या गुडघ्यावर आदळलं. आवाज मला ऐकू आला. ती पडली, मग उठून बसली. सगळ्यात जवळ मी होते. ती माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "संगी, आपण कुठल्या बाजूला खेळतोय?"

मला तिथंच कळलं. डॉक्टर लागत नाही ते कळायला. मैदानाच्या कडेनं बाई बॅग घेऊन निघाल्या होत्या. मी खाली वाकले, तिच्या बुटाची नाडी बांधत असल्यासारखं केलं आणि म्हणाले, "घुगऱ्या अन् केळं. बाई विचारतील, एवढंच सांग."

बाई आल्या, गुडघे टेकले, हनुवटी धरली. "सकाळी काय खाल्लं?"

"घुगऱ्या अन् केळं," रुख्साना म्हणाली.

बाईंनी क्षणभर तिच्या डोळ्यांत बघितलं. पंच घाई करत होते. बाई उठल्या आणि बाहेर गेल्या.

शेवटच्या मिनिटात मी तिला चेंडू दिला. हो, मीच दिला. ती कडेनं गेली आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवून तिनं ट्राय केला, पाच गुणांचा. टेकवता टेकवता मागून एकजण तिच्या अंगावर आली आणि तिचं डोकं पुन्हा जमिनीवर आपटलं. आम्ही जिंकलो होतो. पोरी धावत जाऊन तिच्या अंगावर पडल्या, आनंदानं. सगळ्यात आधी मी पडले. ती खाली हलत नाही हे आम्हाला किती वेळानं कळलं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. वाचली, पण खेळ संपला. उजेड सोसेना, डोकं ठणकायचं, वाचायला घेतलं की अक्षरं हलायची. कॉलेज सुटलं. तिचे अब्बा न्यायला आले तेव्हा बाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिचे बूट हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी ते बूट बाईंच्या हातातून घेतले आणि "चलता हूँ" एवढंच म्हणून गाडीत बसले. बाई तिथंच उभ्या राहिल्या.

क्लबची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, मुलीला बाहेर का काढलं नाही. बाई म्हणाल्या, "विचारलं होतं, उत्तर आलं. तरी काढायला पायजे होतं. चूक माझी."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "कॅप्टन, तू जवळ होतीस. काय झालं?"

मी म्हणाले, "बाईंनी विचारलं होतं. रुख्सानानं सांगितलं. मी ऐकलं."

शब्दन् शब्द खरा होता. मी समोरचा चहा उचलला आणि प्यायले. त्या चहाची मला आजही शिसारी येते. बाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला, वर्षभरात शाळाही सोडली आणि गंगापूरजवळच्या आपल्या गावी गेल्या. कुणी थांबवलं नाही, सगळ्यांना बरंच झालं. माझं लग्न टळलं, मी चार हंगाम लीग खेळले आणि आता त्याच क्लबात शिकवते. आमच्याकडे आता फिजिओ आहे, तो मुलींना छापील कार्डावरून प्रश्न विचारतो. मी तो चालू असेपर्यंत दुसरीकडे बघते.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण क्लबची स्मरणिका निघाली आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाईंच्या हातचं खाऊन वाढलेल्या मी त्यांच्याच घरचे वासे मोजले. आठ पानं लिहिली. त्यात बाईंबद्दल एक ओळ: 'सुरुवातीच्या काळात गायके मॅडम यांचे सहकार्य लाभले.' जास्त लिहिलं असतं तर त्या का गेल्या, तेही लिहावं लागलं असतं.

गेल्या वर्षी कळलं की बाई फार आजारी आहेत. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गंगापूरला गेले, तिथून पुढं चालत. ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. उशाशी स्मरणिका होती. मला बघून हसल्या. "ये संगे. माझं सहकार्य लाभलं म्हणं तुम्हाला?"

मला मान वर करता येईना. वाटेत पाठ केलेलं सोडून इकडचं तिकडचं बोलत राहिले, औषधांचं, उन्हाचं. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग, ऊसतोडीबद्दल बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "रुख्सानानं त्या दिवशी घुगऱ्या खाल्ल्याच नव्हत्या."

मी मान वर केली.

"एसटीनं उशिरा आली ना ती. डबा पार खरवडून खाल्ला होता तुम्ही. मग मी तिला स्कूटीपाशी दोन अंडी दिली सोलून. घाईत तवा ध्यानात आलं नाय माझ्या. दवाखान्यात बसल्यावर आलं. म्हटलं, हे उत्तर हिचं नव्हं. दुसरीचं हाय."

"मग बैठकीत सांगितलं का नाही, बाई?"

"तू होती ना तिथं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तू सांगशील. मग वाटलं, पोर भेलीय, उद्या सांगंल. अशी वाट बघत ऱ्हायले. आठ वर्षं झाली व्हय गं?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले. त्यांनी पाय ओढून घेतले. "माझ्यापाशी कायला रडती? मी तिच्या बापाला शब्द दिला होता, तो माझा मोडला, त्याचं मी बघते. तुझं तिच्याकडं हाय. तिकडं जा." आणि थोड्या वेळानं, "भाकर खाऊन जा पन. सकाळपासून काय खाल्लेलं दिसत नाय."

तरीही मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. दीड महिन्यानं बाई गेल्या. तेव्हा निरोप सांगायचं निमित्त मिळालं म्हणून सिल्लोडची एसटी धरली. निमित्त लागलं मला, तेही बाईंच्या मरणाचं.

रुख्साना पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर होती, खिडकीला जाड पडदा. बाई गेल्याचं सांगितलं तेव्हा ती तोंडाला ओढणी लावून खूप रडली. ती शांत झाल्यावर मी बाकीचं सांगितलं. तिनं मला काय विचारलं होतं, मी तिला काय पढवलं होतं, बैठकीत काय बोलले होते. एकही शब्द गाळला नाही. ती मांडीवरचं कापड सारखं करत ऐकत होती.

"मला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही, संगी," ती म्हणाली. "एसटी आठवते. मग एकदम दवाखान्याचा पंखा."

"शिव्या दे मला."

"कशाच्या देऊ? आठवलं असतं तर दिल्या असत्या. माफ पण केलं असतं कदाचित. आता दोन्ही होत नाही." मग पडद्याकडे बघत तिनं विचारलं, "अब्बा म्हणतात, मी ट्राय केला होता. खरं?"

"खरं."

"कसा केला?"

आठ वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी बघितला होता त्यांच्यातलं कुणी तिच्याकडे गेलंच नव्हतं. मी सांगितलं. डाव्या कडेनं कशी निघाली, पहिलीला कशी बाहेरून टाकून गेली, दुसरीच्या हातात तिची बाही येऊन कशी सुटली, शेवटी चेंडू छातीशी धरून रेषेपलीकडे कशी झेपावली. तिचे पाय यंत्राच्या पायट्यावर हळूहळू हलत होते.

"मग? नाचल्या असाल सगळ्या."

"हो. तुझ्या अंगावर पडून. सगळ्यात आधी मी."

तिनं पाय थांबवले. मग मांडीवरचं कापड बाजूला ठेवून माझ्याकडे वळून बसली आणि म्हणाली, "परत सांग. पहिल्यापासून."

मी परत पहिल्यापासून सांगायला लागले, घुगऱ्यांपासून.